धुतं, पण पिळत नाही

वॉशिंग मशीन ‘स्पिन होत नाही’ एवढीच तक्रार सांगणारी पत्रं या वेळी गठ्ठ्याने आली. शब्द सारखे असले तरी दुखणी वेगवेगळी आहेत, म्हणून निवडक पत्रांना सविस्तर उत्तरं देत आहोत. मात्र मेकॅनिकला फोन करण्याआधी प्रत्येकाने एक गोष्ट करावी: मशीन अर्धं मिनिट चालू करून नीट ऐकावं. काहीच आवाज नाही, म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचत नाही. मोटर ‘हुंऽऽ’ करते पण टब जागचा हलत नाही, म्हणजे वीज पोचली आहे, पण मोटर सुरू होऊ शकत नाही किंवा तिला कशाने तरी धरून ठेवलंय. मोटर सुसाट फिरल्याचा आवाज येतो आणि टब ढिम्म, म्हणजे दोघांमधला जोड सुटलाय. या तीन आवाजांतच निम्मं निदान होतं. मोटर बदला म्हणणाऱ्याला, यातला कोणता आवाज ऐकलात, असं जरूर विचारा.

पुढे जिथे जिथे ‘उघडा’ म्हटलंय, तिथे आधी प्लग भिंतीतून काढायचा आहे. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या वायरीवर) बसवलेलं असतं आणि ते बंद असतानाही मशीनमध्ये फेज (वीज आणणारी वायर) जिवंत राहतो.

आमचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन सात वर्षांचं आहे. धुण्याची बाजू ठणठणीत आहे. ड्रायरचा टायमर फिरवला की घुमल्यासारखा आवाज येतो, टब फिरत नाही आणि दोनेक मिनिटांत जळका वास येतो. मेकॅनिक म्हणतो, मोटर गेली. खरंच गेली असेल का? (एक वाचक, बार्शी)

एवढ्यावरून मोटर गेली असं म्हणता येत नाही. पण ती अशीच घुमत ठेवली तर मात्र नक्की जाईल. अडकलेल्या मोटरमधून नेहमीपेक्षा खूप जास्त करंट जातो आणि सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. तुम्हाला येणारा वास वाइंडिंगवरच्या, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीवरच्या, तापलेल्या वार्निशचा आहे. निदान होईपर्यंत टायमरला हात लावू नका.

संशयित चार आहेत: ब्रेक, अडकलेलं कापड, कपॅसिटर आणि सगळ्यात शेवटी मोटर. याच क्रमाने तपासा, कारण पहिल्या दोन गोष्टींना पैसाही लागत नाही.

मशीन भिंतीपासून ओढून मागचं पॅनेल काढा. ड्रायरच्या बाजूला खाली तीन स्प्रिंगांवर उभी असलेली छोटी मोटर दिसेल. तिच्या शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) बशीएवढी चकती असते, ती ब्रेकची. चकतीच्या कडेला अस्तर लावलेली एक पट्टी टेकते आणि त्या पट्टीला बांधलेली वायर वर ड्रायरच्या झाकणापर्यंत जाते. झाकण बंद केलं की वायर पट्टीला मागे ओढते आणि ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की पट्टी चकतीला चिकटते आणि टब थांबतो.

आता झाकण बंद करून ती चकती हाताने फिरवा. सहज फिरली पाहिजे. मग कोणाला तरी झाकण उघडायला सांगा. ती लगेच घट्ट झाली पाहिजे. दोन्ही वेळी घट्टच राहिली तर ब्रेक सुटत नाही, आणि बिचारी मोटर ब्रेकशी झगडत जळते आहे. सात वर्षांत ही वायर ताणून लांब होते किंवा झाकणाच्या बाजूचं तिचं टोक निसटतं. बऱ्याच मशीनमध्ये टोकाच्या प्लास्टिक पट्टीला एकापुढे एक भोकं दिलेली असतात. पुढच्या भोकात अडकवली की वायर ताठ होते. झाकण बंद असताना अस्तर आणि चकती यांच्यात मिलिमीटरभर तरी फट दिसली पाहिजे. पट्टीची खीळ गंजली असेल तर तिथे मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. अस्तराला तेल लागता कामा नये, नाहीतर ब्रेक घसरेल.

ब्रेक सुटतोय, तरी चकती जड फिरते? मग टबाच्या खाली काहीतरी गुंडाळलंय. हातरुमाल, बाळाचा मोजा, आणि आपल्याकडे हमखास परकराची नाडी. टब काठोकाठ भरला आणि कपड्यांवर ठेवायची जाळीची गोल चकती दाबून बसवली नाही, की फिरताना हलकं कापड वरच्या फटीतून बाहेर उडतं, खाली पडतं आणि शाफ्टला पीळ घालतं. वरून विजेरी मारून बघा. टोक दिसलं तर लांब तोंडाच्या पकडीने धरा आणि टब उलटा फिरवत सोडवा. जोर लावून ओढलं तर खालचं रबरी सील फाटेल आणि एका दुखण्याची दोन होतील. टोक हाती लागत नसेल तर खालचे कपलिंगचे (टब आणि मोटर यांच्या जोडाचे) बोल्ट सैल करून टब वर उचलून काढावा लागतो.

दोन्ही ठीक असेल तर कपॅसिटर. दुकानात काही जण त्याला कंडेन्सर म्हणतात. एका फेजवर चालणाऱ्या मोटरला स्वतःहून फिरायला सुरुवात करता येत नाही. दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट थोडा पुढे सरकवून तिला पहिला धक्का द्यायचं काम कपॅसिटर करतो. तो कमजोर झाला की मोटर जागच्या जागी थरथरते आणि घुमते. नेमकं तुमच्यासारखं.

धुण्याची बाजू चालते म्हणून कपॅसिटर चांगला, असं समजू नका. दोन्ही मोटरींचे कपॅसिटर वेगळे असतात. पुष्कळ मशीनमध्ये ते एकाच डबीत असतात, पण तिथेही आतले भाग वेगळेच. डबीवर ‘10+5’ असं लिहिलेलं असतं आणि तीन वायरी निघतात. मोठा आकडा धुण्याच्या मोटरचा, छोटा ड्रायरचा. ड्रायरचा साधारण 4 ते 6 मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) असतो, पण तुमच्या डबीवरचा आकडाच प्रमाण माना.

हात लावण्याआधी कपॅसिटर रिकामा करा. प्लग काढून पाच मिनिटं थांबा, मग 10 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर दोन टोकांवर दोन-तीन सेकंद धरा. धरताना इन्सुलेशन असलेली पक्कड वापरा. स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडायची पद्धत कपॅसिटरला आणि डोळ्यांना दोन्हींना वाईट. एक वायर सुटी करून मायक्रोफॅरड मोजणाऱ्या मल्टिमीटरवर मोजा. 5 लिहिलंय आणि 4.5 च्या खाली दाखवतोय तर बदला. डबी फुगलेली असेल, बुडातून चिकट द्रव आला असेल तर मोजत बसायचीही गरज नाही. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच आणि व्होल्ट 440 च्या खाली नाहीत, एवढं पाहा. ‘जरा मोठा टाकू, जोर येईल’ हा सल्ला ऐकू नका. मोठ्या आकड्याने दुसऱ्या वाइंडिंगमध्ये करंट वाढतो आणि मोटर तापून मरते.

उरली मोटर. तिला तीन वायरी असतात. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, कंपनीगणिक ते बदलतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून तिन्ही जोड्या मोजा. समजा दोन जोड्या 70 आणि 90 दाखवत असतील, तर तिसरी त्यांच्या बेरजेएवढी, म्हणजे 160 च्या आसपास आली पाहिजे. बेरीज जुळली तर वाइंडिंग तुटलेलं नाही. एखादी जोडी काहीच दाखवत नसेल, किंवा कोणतीही वायर आणि मोटरचं लोखंडी अंग यांत रीडिंग मिळालं, तर मात्र तुमचा मेकॅनिक बरोबर आहे.

म्हापशाहून लिहिते आहे. पाऊस सुरू झाल्यापासून ड्रायर एकदम मुका झाला आहे. आवाज नाही, काही नाही. झाकण जोराने दाबलं तर कधीतरी फिरतो. शेजारचे भाऊ म्हणतात की झाकणाचं स्विच काढून वायर डायरेक्ट जोडली की झालं. तसं करू का?

करू नका, ताई. बिघाड तुम्ही स्वतःच शोधलाय: झाकण दाबलं की फिरतो, म्हणजे दोष झाकणाच्या स्विचमध्येच आहे. पण उपाय तो नाही.

ड्रायरची मोटर मिनिटाला साधारण 1350 फेरे घेते. टबाचा व्यास 25 सेंटिमीटर धरला तर त्याची कड ताशी 60 किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असते. या वेगात हात आत गेला आणि ओल्या साडीचा पदर बोटांभोवती आला तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. घरात लहान मूल असेल तर विचारच नको. ते स्विच एवढ्यासाठीच आहे.

स्विच अगदी साधं असतं. ड्रायरच्या कंट्रोल पॅनेलखाली, झाकणाच्या बिजागरीजवळ दोन पातळ पितळी पट्ट्या असतात. झाकणाची जीभ एकीला दाबते, ती दुसरीला टेकते, वीज पुढे जाते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत पट्ट्यांच्या टोकांवर हिरवट काळा थर चढतो आणि टेकूनही वीज जात नाही. वरच्या पॅनेलचे स्क्रू काढा, अगदी बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन टोकांच्या मधे सरकवून पाच-सहा वेळा हलकेच ओढा आणि कोरड्या फडक्याने पुसा. झाकण बंद केल्यावर पट्ट्या नुसत्या शिवत असतील तर खालची पट्टी केसभर वर वाकवा. मल्टिमीटरवर झाकण बंद असताना जवळपास शून्य ओहम आणि उघडताच खुलं सर्किट दिसलं की काम फत्ते. टोकं जळून खड्डे पडले असतील तर पूर्ण स्विच बदला, छोटासाच भाग आहे.

तरीही मुकाच राहिला तर ड्रायरचा टायमर बघा. फिरवल्यावर टिकटिक येते पण आतला संपर्क जुळत नाही, असंही होतं. आणि मागचं पॅनेल उघडलंत की वायरींवर नजर टाका. पावसाळ्यात उंदीर मशीनखाली आसरा घेतात आणि ड्रायरच्या मोटरकडे जाणाऱ्या वायरी जमिनीजवळच असतात. कुरतडलेल्या वायरीला नुसती टेप गुंडाळू नका. तेवढा तुकडा कापून नवा जोडा आणि वर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवा. खालची जाळी फुटलेली असेल तर तीही बसवून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

ड्रायरची मोटर जोरात फिरल्याचा आवाज येतो, टब मात्र हलत नाही. (नाशिक)

कपलिंग. टबाचा शाफ्ट मोटरच्या चकतीत बसवून बाजूने बोल्ट आवळलेला असतो. कंपनाने बोल्ट सैल होतो आणि चकती एकटीच फिरते. बहुतेक मशीनमध्ये बोल्टवर लॉक नट असतो: आधी नट सैल करायचा, बोल्ट शाफ्टवरच्या सपाट भागावर टेकेपर्यंत आवळायचा, मग नट घट्ट. सपाट भाग सोडून गोल भागावर आवळला तर आठवड्यात पुन्हा सुटेल. शाफ्टला तिथे खोल चर पडला असेल तर टब शाफ्टसकट बदलावा लागतो.

आमचं टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिक मशीन आहे. पाणी सोडतं, फिरायला लागतं, धडधडतं, थांबतं आणि पुन्हा पाणीच भरतं. तीन-चार वेळा असं करून शेवटी ‘यूई’ (UE) दाखवतं. पाणी फुकट जातं आणि कपडे तसेच. बोर्ड बदलायला सांगितलंय. (डोंबिवली)

बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, त्याचं काम चोख करतोय म्हणून तर यूई दिसतंय. एलजी आणि सॅमसंग या दोन्हींत या खुणेचा अर्थ टबातला भार एका बाजूला झुकलाय असा आहे. मशीन पुन्हा पाणी भरतं ते कपडे हलवून सारखे पसरवण्यासाठी. काही प्रयत्न झाले की हात टेकतं आणि तुम्हाला सांगतं.

एवढी काळजी का, हे आकड्यांतून कळेल. वर सांगितलेल्या सेमी-ऑटोमॅटिकच्या टबाचंच उदाहरण घ्या. 1350 फेऱ्यांना त्याच्या कडेवर वजन सुमारे अडीचशे पट होतं. म्हणजे एका बाजूला 200 ग्रॅम जास्त असले तरी टब 50 किलोच्या जोराने त्या बाजूला ओढला जातो, आणि तो जोर सेकंदाला वीस-बावीस वेळा गोल फिरत असतो. मोठ्या टबाला फेरे कमी असतात पण व्यास जास्त असतो, त्यामुळे जोर काहीसा कमी झाला तरी मोठाच राहतो.

आधी बघा की आत काय टाकलंय. एकटी गोधडी, एकटी जीन्स, रबरी बुडाचं पायपुसणं यांना समोरच्या बाजूला जोड नसतो. मोठ्या कापडाबरोबर दोन-तीन टॉवेल टाका आणि थांबलेल्या मशीनमधले कपडे हाताने सोडवून कडेने गोल लावा. रेनकोट, छत्रीचं कापड, ताडपत्री, गादीची जलरोधक खोळ मात्र कधीही स्पिनला लावू नका. त्यांच्या घडीत पाणी साठून राहतं. ते बाहेर पडायला वाट नसते आणि भर वेगात एकदम सुटलं की टब उसळून मशीन मोडतं.

कपडे नीट असूनही यूई येत असेल तर मशीनचे समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगलं तर पाय फिरवून उंची जुळवा आणि पायावरचा नट वर आवळून टाका. तो सैल राहिला तर पाय पुन्हा फिरतो. मग झाकण उघडून रिकामा टब हाताने खाली दाबून सोडा. वर येऊन एखाद्या हेलकाव्यात थांबला पाहिजे. झुलत राहिला किंवा एका कोपऱ्याकडे कललेला दिसला तर टब ज्यांवर टांगलेला असतो त्या चार सस्पेंशन रॉडपैकी एखादा गेलाय. बदलताना चारही एकदम बदला. तीन जुने आणि एक नवा असं केलं तर टब पुन्हा तिरकाच टांगला जातो.

याच मशीनच्या आणखी एका दुखण्याबद्दल तीन पत्रं आहेत, म्हणून इथेच सांगतो. स्पिनला तळाची चकती एकटीच गरगरते आणि टब थांबलेलाच राहतो. पट्ट्याच्या अनेक टॉप लोड मशीनमध्ये ड्रेन मोटर एकाच ओढीत दोन कामं करते: पाण्याचा व्हॉल्व्ह उघडते आणि क्लचचा दांडा सरकवून टबाला शाफ्टशी जोडते. ती ओढ अपुरी पडली की पाणीही हळू जातं आणि टबही फिरत नाही. ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर क्लच उतरवण्याआधी ड्रेन मोटर, तिची वायर आणि व्हॉल्व्हमध्ये अडकलेली पिन किंवा नाणं बघायला सांगा. क्लचसकट गिअरबॉक्स उतरवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि बरेचदा त्याची गरजच नसते. पाणी झटकन जातं पण टब फिरायला उशीर करतो, घसरतो, तर पट्टा ढिला झालाय. मधे बोटाने दाबून सेंटिमीटरपेक्षा जास्त वाकला, तर मोटरचे बोल्ट सैल करून मोटर मागे सरकवा आणि पुन्हा आवळा. पट्ट्याची आतली बाजू आरशासारखी चकचकीत झाली असेल तर ताणून उपयोग नाही, बदला.

आमच्याकडे सकाळी ड्रायर मस्त फिरतो, संध्याकाळी नुसता घुमतो. एक्स्टेन्शन बोर्ड लांब आहे म्हणून असं होत असेल का? (औसा तालुका)

बोर्डाचा दोष फार थोडा. 15 मीटर लांब, 1 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत दोन अँपिअरला जेमतेम एक व्होल्ट पडतो. खरा दोष संध्याकाळच्या व्होल्टेजचा. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. 230 च्या जागी 170 व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज चौथ्या भागाने कमी दिसतं, पण जोर 55 टक्क्यांवर येतो. त्यात टबात ओल्या सतरंजीचं वजन असलं की मोटर हलतच नाही.

संध्याकाळी मल्टिमीटरने सॉकेटवरच मोजा, तेही मशीन चालू असताना. मशीन सुरू करताच आकडा एकदम 20-30 व्होल्टनी कोसळत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे: सॉकेट, मीटरची जोडणी किंवा खांबावरची. सॉकेट हाताला गरम लागत असेल तर तेच. आकडा मुळातच कमी असेल तर ड्रायर सकाळी लावा किंवा सेमी-ऑटोमॅटिकसाठी 1 केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्या. पाणी तापवणाऱ्या फ्रंट लोडला तो पुरणार नाही, त्याचा हीटरच 2 किलोवॉटच्या आसपास असतो. आणि तुमचाही कपॅसिटर एकदा मोजून घ्या. 10-15 टक्के उतरलेला कपॅसिटर 230 व्होल्टवर निभावून नेतो आणि 180 वर हात वर करतो.

फ्रंट लोडमध्ये कपडे धुऊन होतात, पण शेवटी पाण्यातच पडून असतात. दार उघडत नाही, स्पिन नाही. (नागपूर)

पाणी गेल्याशिवाय मशीन स्पिन करणार नाही आणि दारही उघडणार नाही. तेव्हा स्पिन विसरा, पाणी का जात नाही ते शोधा.

समोर खालच्या कोपऱ्यात एक छोटं दार असतं, त्यामागे ड्रेन फिल्टर. पाणी गरम असेल तर निवू द्या. प्लग काढा, खाली पसरट ताट आणि जुनी चादर ठेवा. बारीक रबरी नळी दिलेली असेल तर तिचं बूच काढून आधी पाणी सोडा. बादलीभर निघू शकतं, म्हणून ताट भरलं की बूच लावत, रिकामं करत चालू ठेवा. मग फिल्टर अगदी हळू सैल करा. आत केसांचा गोळा, नाणं, केसांची पिन, ब्लाउजचा हूक यांपैकी काहीतरी सापडेल. फिल्टरच्या पोकळीत मागे पंपाची छोटी पंखी दिसते, ती काडीने फिरवून बघा. ती थांबत थांबत, झटके देत फिरते; आत चुंबक असल्याने तसंच फिरायला हवं. अजिबात हलत नसेल किंवा मोकाट गरगरत असेल तर पंप गेलाय.

बाहेरच्या नळीचीही उंची बघा. फ्रंट लोडला पंप असतो, त्याची नळी साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर अडकवायची असते. नळीचं टोक सांडपाण्याच्या पाइपात खोल खुपसून कडा बंद केल्या तरी पाणी नीट जात नाही.

पावडर कोणती वापरता, हेही पत्रात लिहायला हवं होतं. हाताने धुवायची किंवा टॉप लोडची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की फेस मावत नाही. पंप फेस ओढत बसतो, पाणी जात नाही आणि मशीन स्पिन सोडून देतं. दारापलीकडे पांढरा फेस दिसत असेल तर पावडर न टाकता दोनदा नुसतं खंगाळा.

पाणी पूर्ण जातं तरी ड्रम फिरत नाही, आणि मशीन जुन्या, पट्ट्याच्या मोटरचं असेल, तर कार्बन ब्रश तपासून घ्या. मोटरच्या दोन बाजूंना कोळशाच्या दोन कांड्या असतात. झिजून सेंटिमीटरपेक्षा कमी उरल्या की मोटर चाचरते, निळ्या ठिणग्या दिसतात. बदलायच्या त्या दोन्ही एकदम, आणि काढण्याआधी वायरींचा फोटो काढून ठेवा. नव्या मशीनमधल्या इन्व्हर्टर मोटरींना ब्रश नसतात. त्यांच्यासाठी ब्रशचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

ड्रायर फिरतो, तरी कपड्यांतून पाणी गळतं. बोअरचं पाणी आहे. (जत)

सेमी-ऑटोमॅटिकला पंप नसतो, पाणी उताराने जातं. नळी मोरीच्या कठड्यावरून टाकली असेल तर कठडा जेवढा उंच तेवढं पाणी मशीनमध्ये साठून राहतं आणि टब त्या पाण्यात घुसळत बसतो. नळी जमिनीलगत ठेवा किंवा मशीनच कठड्याएवढ्या स्टँडवर चढवा. ड्रायर चालू असताना धुण्याच्या बाजूचं पाणीही सोडू नका. बाहेर जायची वाट एकच असते आणि पाणी ड्रायरखाली चढतं.

जड पाण्याचा दुसरा त्रास म्हणजे टबाची भोकं क्षाराने बुजतात. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून जुन्या दातघासणीने भोकं घासा, अर्ध्या तासाने धुऊन टाका. त्याच वेळी ब्लीचिंग वापरू नका. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो.

टबात किती भरता, तेही बघा. ड्रायरची क्षमता धुण्याच्या बाजूपेक्षा कमी असते. एकदा धुतलेलं दोन वेळा पिळायला लागतं, ते तसंच असतं.

पुराचं पाणी मशीनच्या अर्ध्यापर्यंत चढलं होतं. आता वाळलंय. चालू करून बघू का? (चिपळूण)

अजून नको. जुलै 2021 च्या पुरासारखं पाणी घरात शिरलं की मशीनच्या तळाला गाळ बसतो आणि वाइंडिंगमध्ये ओल राहते. बाहेरून कोरडं दिसणारं मशीन प्लग लावताच अंगाला वीज देऊ शकतं. मागचं पॅनेल काढा, गाळ स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, दोन्ही मोटरी उतरवून तीन-चार दिवस कडक उन्हात ठेवा. मग वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) 500 व्होल्टवर वाइंडिंग आणि मोटरचं अंग यांतलं इन्सुलेशन मोजून घ्या. 1 मेगाओहमच्या वर आलं तरच वीज द्यायची. कमी आलं तर आणखी दोन दिवस ऊन दाखवा. कपॅसिटर बुडाला असेल तर मोजू नका, बदलाच. ब्रेकचं अस्तर भिजून गंजलेल्या चकतीला चिकटलेलं असतं, तेही सोडवा आणि चकती पॉलिश पेपरने साफ करा. सॉकेटचं अर्थिंग तपासून पहिल्यांदा रिकाम्या टबाने, रबरी चपला घालून, एकच मिनिट चालवा.